अहो, त्यांचं मर्ज झालं म्हणे!

कळलं का? बी विंगमध्ये परवा पेढे वाटले. नोकरी लागली? नाही. गेटचा निकाल? नाही. लग्न ठरलं? छे, वय काय त्याचं! इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या त्या चिरंजीवांनी सातासमुद्रापारच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये एक बदल सुचवला आणि तिकडच्या माणसाने तो घेतला. मर्ज झाला. बदल कोणता हे विचारायचं नसतं, पण आम्ही विचारलंच. इंग्रजी 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमध्ये कुणीतरी आय आणि ई उलटे लिहिले होते, ते याने सुलटे केले. पैसे किती मिळाले, हेही विचारलं. छदाम नाही. वर मातोश्री म्हणतात, "अहो, जगभर वापरतात ते!" पेढा खाल्ला आणि घरी आलो, करणार काय.

बरं, हा एकट्याचा चळ असता तर आम्ही चकार शब्द काढला नसता. साथ आहे साथ. कॉलेजच्या कट्ट्यावर पूर्वी पोरं कुणाच्या किती केट्या राहिल्या ते मोजायची, आता कुणाचे किती पीआर गेले ते मोजतात. पीआर, म्हणजे पुल रिक्वेस्ट. ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना उघडा आहे (त्याला ओपन सोर्स म्हणतात), त्यात आपल्या मनाने काहीतरी दुरुस्त करायचं आणि मालकांना विनवायचं की हे कृपया मूळ कोडात ओढून घ्या. अर्ज आम्हीही जन्मभर केले, पण ते काहीतरी पदरात पडावं म्हणून. मला फुकट राबू द्या, असा अर्ज पहिल्यांदाच बघतोय.

आणि त्यालाही झुंबड! मोठ्या प्रकल्पांत नवख्यांसाठी काही सोपी कामं बाजूला काढून त्यांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावतात. चिठ्ठी लागायचा अवकाश, खाली पाच-दहा जण हजर: "सर, प्लीज असाइन मी." समोर सर आहेत की मॅडम, विचारतो कोण! कुणी म्हणतो आधी मी विचारलं होतं, कुणी नुसताच अंगठा दाखवून जातो. शेवटी एकाला काम मिळतं आणि तो जो गुप्त होतो, तो होतोच. काही आठवड्यांनी मेंटेनर, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची राखण करणारा माणूस, विचारतो, "करताय ना अजून?" उत्तर नाही. मग चिठ्ठी पुन्हा मोकळी आणि "सर, प्लीज असाइन मी" पुन्हा सुरू. गूगल समर ऑफ कोडचा मोसम आला की तर बघायलाच नको. ती योजना २००५ पासून चालू आहे, निवड झाली तर डॉलरमध्ये मानधन मिळतं, आणि निवड व्हावी म्हणून आधी थोडं काम करून दाखवलेलं बरं असतं. त्यामुळे अर्जांच्या तारखांपर्यंत प्रकल्पाबद्दल जे प्रेम उतू जातं, ते यादी लागली की कुठे जातं, देव जाणे.

यामागचं खरं कारण सांगू? हिरवे चौकोन. गिटहब नावाचं जे ठिकाण आहे (२००८ साली निघालं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं, तेव्हाही केवढी रडारड झाली होती), तिथे प्रत्येकाच्या पानावर वर्षभराचा तक्ता असतो. दिवसाला एक चौकोन. काम केलं की हिरवा, जास्त केलं की गडद, नाही केलं की फिकट राखाडी. सलग किती दिवस काम केलं याचा आकडाही पूर्वी तिथे झळकायचा. तो तुटू नये म्हणून माणसं सणासुदीलाही काहीबाही ढकलून द्यायची. २०१६ मध्ये गिटहबने तो आकडा काढून टाकला, चौकोन मात्र राहिले, आणि ते बघून मुलाखतीला बोलावतात अशी पोरांची ठाम समजूत आहे. आता पुढची गंमत ऐका. गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, बदलाला आपल्याला हवी ती तारीख घालता येते, अगदी मागची सुद्धा. तेव्हा एका रात्रीत वर्षभराची मेहनत दाखवणाऱ्या स्क्रिप्टा लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. आणि त्या ओपन सोर्स आहेत! कुणालाही सुधारणा सुचवता येतात!

असो. बी विंगच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत, कारण दोन अक्षरं उलटायची म्हटली तरी ते दोन मिनिटांचं काम नसतं. आधी मूळ कोडाची आपल्या खात्यात नक्कल काढायची, ती आपल्या मशीनवर उतरवायची, वेगळी ब्रँच काढायची, मग ती दोन अक्षरं बदलायची. मग कमिट, म्हणजे बदलाची नोंद. त्याला शीर्षक हवं, पन्नास अक्षरांच्या आत-बाहेर, आणि आज्ञार्थी: 'स्पेलिंग दुरुस्त कर'. 'दुरुस्त केलं' म्हटलेलं कित्येकांना खपत नाही. काही ठिकाणी खाली 'साइन्ड ऑफ बाय' म्हणून सही लागते, की हे देण्याचा मला हक्क आहे, कुठून ढापलेलं नाही. (लिनक्समध्ये ही सही २००४ साली आली, एससीओ कंपनीच्या कोर्टकज्ज्यानंतर. कोर्टाची पायरी चढल्यावर सगळेच कागद नीट ठेवतात.) मग पीआर. तो टाकल्याबरोबर यंत्रं कामाला लागतात, तपासण्या धावतात आणि लाल फुली येते. का? तर ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली. ती काढा, पुन्हा ढकला. मग माणूस येतो. तो 'निट' अशी सुरुवात करून खुसपट काढतो: पूर्णविराम राहिला. तो द्या. मग चार दिवस शांतता. मग 'एलजीटीएम', म्हणजे मला ठीक दिसतंय. आणि मग मर्ज. एवढ्या सव्यापसव्यानंतर पेढे वाटले तर वाटू देत बापडे.

या मंडळींविषयी बोलायला आम्हाला आवडतं, कारण इथे कुजबुजावं लागत नाही. कोण कुणाला काय म्हणालं, किती वाजता म्हणालं, सगळं तारीखवार उघड्यावर पडलेलं असतं. उदाहरणार्थ, ३१ डिसेंबर २०११ ची रात्र. नवं वर्ष लागायला तासभर असताना, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये एक बदल घेतला गेला. एकाने लिहिला, दुसऱ्याने तपासला, आणि त्यातली चूक दोघांच्याही नजरेतून निसटली. एप्रिल २०१४ मध्ये तिचं 'हार्टब्लीड' असं बारसं झालं आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. अहो, ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता माणसं काय करत असतात! आणि ज्या कोडावर अर्ध्या इंटरनेटची गुपितं विसंबून होती, त्याला लोकांकडून देणगी किती यायची? वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास. एवढ्यात आपल्याकडे गणपतीचा मांडवही उभा राहत नाही.

पण सगळ्यात मोठी शोभा झाली ती २०२० च्या ऑक्टोबरात, आणि तीत आपलंच नाव पुढे आलं. डिजिटलओशन ही अमेरिकन कंपनी २०१४ पासून 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. ऑक्टोबरात ठरावीक पीआर टाका आणि टी-शर्ट मिळवा. त्या वर्षी चार पीआर पुरे होते, आणि पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट किंवा त्याऐवजी त्यांच्या वतीने एक झाड. हेतू चांगलाच होता. पण टी-शर्ट, फुकट, परदेशातून घरपोच! गिटहबवर आपली फौज केवढी मोठी, तेव्हा पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आपल्याकडच्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलने पीआर कसा टाकायचा याचं प्रात्यक्षिक दाखवलं. सोपं पडावं म्हणून रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये किरकोळ काहीतरी बदलून दाखवलं. बघणाऱ्यांनी प्रात्यक्षिकालाच काम समजून घेतलं. मग काय विचारता! दिसेल त्या प्रकल्पाच्या मथळ्यात 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द खुपसायचे आणि पीआर टाकायचा. आपल्याकडे १ ऑक्टोबर लागला तेव्हा अमेरिकेत ३० सप्टेंबरची दुपार चालू होती, म्हणजे त्यांचा महिना उजाडायच्या आधीच त्यांच्या दारात ढीग! वेबपानं ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्याचं प्रमाण ठरवणाऱ्या दस्तऐवजालाही कुणी सोडलं नाही. त्याचे एक संपादक डोमेनिक डेनिकोला यांनी वैतागून जाहीरच लिहिलं की हा महोत्सव ओपन सोर्सचं नुकसान करतोय. महोत्सवाच्या नावाचं जे विडंबन निघालं, ते सभ्य अंकात छापण्यासारखं नाही. काही दिवसांतच नियम फिरवावे लागले: ज्या प्रकल्पाला हौस आहे त्याने आधी होकार द्यायचा, तरच तिथले पीआर मोजणार. २०२३ मध्ये तर टी-शर्टच काढून घेतला आणि हाती डिजिटल बॅज ठेवला. अरे, एका टी-शर्टसाठी! फॅशन स्ट्रीटवर थोडी घासाघीस केली असती तर दोन आले असते.

लाज इथे संपली असती तर बरं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेसवर पुन्हा तीच पाळी. एक्सप्रेस हे जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्यांचं रोजचं साधन. पुन्हा एक हिंदी शिकवणी, पुन्हा रीडमी, आणि या वेळी कौतुकाचे दोन शब्दही नाहीत, थेट स्वतःचं नाव! गडावर तटबंदीच्या दगडावर कुणीतरी खिळ्याने 'अमुक तमुक, बारामती' कोरून ठेवलेलं असतं ना, अगदी तस्सं. फरक इतकाच की गडाचे दगड कुणाला ई-मेल पाठवत नाहीत. एक्सप्रेसवर नजर ठेवून असलेल्या माणसांच्या टपालात अशा एकेका नावाची वर्दी जाऊन पडत होती. राखणदारांनी पीआर बंद करावेत, तोवर पुढचे दाखल. दोष शिकवणाऱ्याचा की शिकणाऱ्याचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आम्ही मात्र दोघांनाही सोडायला तयार नाही. सरावासाठी 'फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन्स' म्हणून एक जागा मुद्दाम काढून ठेवली आहे. तिथे जा, यादीत नाव घाला, मर्ज करून घ्या, कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. पण तिथे नाव घालून रुबाब कसला!

हा सगळा पोरासोरांचा घोळ, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी थोरामोठ्यांकडेही डोकावावं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचा गाभा लिहिला, २००५ मध्ये गिटही लिहिलं. पण त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पात गिटहबची ही बटणं चालत नाहीत. लिनक्सला बदल पाठवायचा तर ई-मेलने, साध्या मजकुरात. कोड कसा लिहावा याच्या तिथल्या अधिकृत नियमावलीची सुरुवात माहीत आहे? ग्नू या उघड्या कोडाच्याच दुसऱ्या प्रकल्पाची नियमावली छापून घ्या, वाचू नका, जाळून टाका. अधिकृत बरं का! आणि पाठवलेला बदल पसंत पडला नाही की जी उत्तरं यायची, ती घरात मोठ्याने वाचता येत नसत. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली, लोकांच्या भावना कळण्यासाठी मदत घेतो म्हणाले, काही आठवडे रजेवर गेले आणि ऑक्टोबरात परत आले.

मिनेसोटा विद्यापीठाची गोष्ट याहून चटकदार. तिथल्या संशोधकांनी मुद्दाम खोट ठेवलेले बदल लिनक्सला पाठवून बघितले, राखणदारांच्या लक्षात येतं का म्हणून. निबंधासाठी हो! एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सचे एक राखणदार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा पारा असा चढला की त्यांनी अख्ख्या विद्यापीठावर बंदी घातली आणि तिथून पूर्वी आलेले बदलही उपसून पुन्हा तपासायला काढले. निबंध मागे घ्यावा लागला. पीएचडी करणाऱ्या मंडळींना हा किस्सा जरूर सांगावा, चेहरे बघण्यासारखे होतात.

पण हे सगळं फिकं पडावं असं प्रकरण २०२४ च्या मार्चमधलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांत असतं आणि कुणाच्या खिजगणतीत नसतं. सांभाळणारे एकटे लासे कॉलिन, फिनलंडचे, बिनपगारी. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाचं कुणीतरी या वर्तुळात यायला लागलं. आणि काय गुणाचं बाळ! रीडमीत नाव नाही, "असाइन मी" नाही, टी-शर्टचा विषय नाही. नीटनेटके बदल, गोड बोलणं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांना टोचायला सुरुवात केली: कामं किती रखडलीत, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे द्या ना. बिचाऱ्यांनी उत्तर दिलं की मनाची तब्येत बरी नाही, आणि हा शेवटी बिनपगारी छंद आहे हेही ध्यानात ठेवा. (ते उत्तर आजही वाचायला मिळतं. टोचणाऱ्यांची ती नावं बनावट असावीत, असा सगळ्यांचा कयास आहे.) हळूहळू कारभार जिया टॅनच्या हाती गेला. आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच हातांनी एक्सझेडच्या नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला, चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींच्या पोटात लपवून. तो सगळीकडे पोचला असता तर जगातल्या किती यंत्रांच्या किल्ल्या एका अनोळखी खिशात गेल्या असत्या, याचा विचारच नको.

पकडला कसा, ते तर ऐका. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे. त्यांना दिसलं की आपल्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दुरून यंत्रात शिरायच्या वाटेने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आमच्याकडे सरकारी फॉर्मचं एक पान उघडेपर्यंत चहा होतो, आणि आम्ही त्याला नशीब म्हणतो. हे गृहस्थ त्या अर्ध्या सेकंदाच्या हात धुऊन मागे लागले आणि २९ मार्च २०२४ ला सगळं चव्हाट्यावर आणलं. जिया टॅन कोण, एक माणूस की दहा, कुठल्या देशाचे, हे आजतागायत उघड झालेलं नाही.

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणावं? ज्यांनी काडीचं काम केलं नाही ते हजारो जण आपलं खरं नाव डकवायला धडपडतायत, आणि ज्याने दोन वर्षं मान मोडून चोख काम केलं, त्याचं नावच खोटं!

भरीस भर म्हणून आता एआय आला. 'रिसीव्ह'चं स्पेलिंग सुधारायलाही माणूस लागत नाही. कर्ल हे इंटरनेटवरून फाइली आणणारं साधन, सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग. सुरक्षेतला दोष शोधून देणाऱ्याला पैसे द्यायची त्यांची योजना २०१९ पासून चालू होती. लोकांनी एआयकडून लिहून घेतलेले अहवाल पाठवायचा सपाटा लावला. भाषा मुद्देसूद, नम्र, आणि दोष मुळात अस्तित्वातच नाही! पाठवणाऱ्याला लागतात दोन मिनिटं, आणि वाचणाऱ्याची अख्खी दुपार जाते. जानेवारी २०२६ अखेर स्टेनबर्ग यांनी योजनाच गुंडाळली. ज्यांना खरे दोष सापडत होते, त्यांचेही पैसे गेले.

आमचं मत विचाराल, तर फुकट राबण्यात आम्हाला काही वावगं दिसत नाही. ज्या लिनक्सच्या गाभ्यावर तुमचा अँड्रॉइड फोन चालतो, त्यातही सुरुवातीला कितीतरी जणांनी छदाम न घेता घाम गाळलाय. वावगं हे, की पाठवणारे मोप आणि वाचणारे दोन-चार. कॉलिन यांच्या वाट्याला टोचणारे आले; शेजारी बसून बदल तपासू लागणारं दुसरं कुणी असतं, तर जिया टॅनची डाळ शिजली नसती. आणि तपासण्याच्या कामाला ना पेढे, ना टी-शर्ट.

हौसच असेल तर कामं आपल्या दारातही पडली आहेत. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब-कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईत जन्मलेलं, संपूर्ण उघड्या कोडाचं. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींचा मुक्ता फॉन्ट खुला आहे, जोडाक्षर कुठे अडखळताना दिसलं तर कळवता येतं. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत आहेत, आणि त्यातली मराठी तुमच्याआमच्यासारख्यांनी लिहिलेली आहे. लिब्रेऑफिसची वेबलेट या भाषांतराच्या जागेवर, फायरफॉक्सची तशाच पाँटूनवर. कोड न येणाऱ्यालाही तिथे शिरता येतं. मेनूत शब्दशः उचललेलं मराठी दिसलं की नाक मुरडणारे आपल्यात कमी नाहीत, त्यांनी एकदा तिथे जाऊन वाक्य बदलून दाखवावं.

तेव्हा येत्या ऑक्टोबरात हात शिवशिवले, तर आधी त्या प्रकल्पाचे नियम वाचा. आपला पीआर टाकण्याआधी दुसऱ्या कुणाचा नीट तपासून त्यावर दोन ओळी लिहा. काम मागून घेतलंत तर पुरं करा, जमत नसेल तर तसं सांगून मोकळे व्हा. आणि कृपा करून रीडमीला हात लावू नका.